मोठ्या बाई

परवा संध्याकाळी नात वही घेऊन स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते. नववीतली पोर, भूमितीचं प्रमेय अडलं होतं. आजी, तू सांग ना, म्हणाली. कणकेचे हात तसेच ठेवून मी वहीत डोकावले. दोन त्रिकोण, आडव्या-तिरप्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यांत अक्षरं. मला काही म्हणजे काही कळलं नाही. बाबा आले की विचार, असं सांगून मी पुन्हा परातीकडे वळले. पण खरं सांगू मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या वेळी अकरावीची मॅट्रिक होती. आमच्या तालुक्याच्या गावात मुलींची एकच शाळा. आठवीत गेलं की पुढे बीजगणित-भूमिती घ्यायची की गृहशास्त्र, ते ठरायचं. ठरायचं म्हणजे आम्ही नाही हो ठरवायचं! मोठ्या बाईंनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं आणि मुलीला गृहशास्त्र द्या, पुढे उपयोगी पडेल, असं सांगितलं. वडिलांनी मान डोलावली. सातवीत गणितात मी वर्गात पहिली आले होते, हे त्या दोघांपैकी कुणाला आठवलं नाही. मी घरी येऊन माजघरात रडले आणि दुसऱ्या दिवशी गृहशास्त्राच्या वहीवर नाव घातलं. या गोष्टीला पन्नासहून जास्त वर्षं झाली. मोठ्या बाई केव्हाच गेल्या. पण त्यांच्यावरचा माझा राग काही गेला नव्हता.

आज मी त्यांच्याबद्दल नाही, दुसऱ्याच एका मोठ्या बाईंबद्दल लिहिणार आहे. दूर इंग्लंडातल्या, गणिताच्याच. त्यांची माझी ओळख करून दिली आपल्या पंडिता रमाबाईंनी. रमाबाईंचा पत्रव्यवहार साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली पुस्तकरूपाने काढला. आमच्या वाचनालयातून तो आणून वाचत असताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागलं. मिस डोरोथिया बील, चेल्टनहॅम. ही कोण बाई, म्हणून शोधत गेले आणि गुंतूनच पडले.

डोरोथियाचा जन्म २१ मार्च १८३१चा, लंडनचा. वडील शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. घरात अकरा मुलं. आता हे साल जरा लक्षात ठेवा. त्याच १८३१च्या ३ जानेवारीला इकडे नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला होता. दोघींच्या वयात तीन महिन्यांचंही अंतर नाही. एक डॉक्टरची लेक, एक शेतकऱ्याची. एकीने दुसरीचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. पण दोघींच्या आयुष्यातलं पुढचं मोठं साल एकच निघालं, १८४८.

त्या काळी इंग्लंडातल्या बऱ्या घरच्या मुली शाळेत फारशा जात नसत. घरी शिकवायला बाई ठेवायची, तिला गव्हर्नेस म्हणायचे. डोरोथियाच्या आईने बाई हवी म्हणून जाहिरात दिली, तर शेकड्यांनी अर्ज आले. आईने आधी शुद्धलेखनाच्या चुका असलेले अर्ज बाजूला काढले. उरलेल्यांतून एक बाई नेमली, तीही चालली नाही, मग दुसरी, मग तिसरी. शिकवायला येणाऱ्या बायकांनाच काही येत नव्हतं. त्यांना तरी कुणी शिकवलं होतं? हे दुष्टचक्र डोरोथियाने लहानपणी घरातच पाहिलं. काही वर्षं ती शाळेत गेली, तेराव्या वर्षी तब्येतीमुळे तीही सुटली. मग ही मुलगी आपली आपण शिकू लागली. लंडनमध्ये लोकांसाठी व्याख्यानं होत, ती ऐकायची. युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं तिने एकटीने, कुणाच्या मदतीशिवाय सोडवली. ही ओळ वाचताना मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

१८४७ मध्ये मोठ्या बहिणींबरोबर तिला पॅरिसला इंग्रज मुलींच्या एका शाळेत घातलं. वर्षभरात तिथे क्रांती झाली आणि शाळा बंद पडली. मुली घरी परतल्या. पण त्याच १८४८ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर क्वीन्स कॉलेज नावाची संस्था निघाली. गव्हर्नेसचं काम करणाऱ्या बायकांना नीट शिक्षण मिळावं, ही मूळ कल्पना. ती काढली फ्रेडरिक मॉरिस नावाच्या धर्मगुरूंनी. हेही चर्च ऑफ इंग्लंडचेच, म्हणजे इंग्लंडचा राजा किंवा राणी ज्याचे प्रमुख असतात त्या अधिकृत पंथाचे. शिकवायला पुरुष प्राध्यापक येत, म्हणून प्रत्येक तासाला एखादी प्रतिष्ठित बाई वर्गात बसून राही. राखण म्हणून हो, दुसरं काय! पहिल्याच वर्षी तिथे दाखल झालेल्यांत सतरा वर्षांची डोरोथिया होती. आणि इकडे पुण्यात, भिडेवाड्यात, त्याच वर्षी सावित्रीबाई आणि जोतीराव मुलींची शाळा उघडत होते.

पुढच्याच वर्षी, अठराव्या वर्षी, डोरोथिया त्याच कॉलेजात गणित शिकवू लागली. सात वर्षं तिथे काढली, तिथल्या शाळेची मुख्य शिक्षिकाही झाली. पण कारभार सगळा पुरुषांच्या हातात. शिकवणाऱ्या बायकांना अधिकार नाही, त्यांचं ऐकून घेणारं कुणी नाही. १८५६च्या अखेरीस तिने राजीनामा दिला.

आता पुढची नोकरी कुठली, तर थेट 'जेन एअर' कादंबरीतली शाळा! शार्लट ब्रॉण्टेच्या या कादंबरीत लोवूड नावाची एक भयंकर शाळा आहे. गारठलेल्या मुली, करपलेली लापशी, देवाचं नाव घेत मुलींना उपाशी ठेवणारे विश्वस्त. ही शाळा शार्लटने मनाने रचलेली नव्हती. कारस विल्सन नावाच्या धर्मगुरूंनी गरीब धर्मोपदेशकांच्या मुलींसाठी उत्तर इंग्लंडात कोवन ब्रिज इथे शाळा काढली होती. शार्लट आणि तिच्या तीन बहिणी तिथे शिकायला होत्या. त्यातल्या मोठ्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, तिथे आजारी पडून घरी आल्या आणि १८२५ मध्ये क्षयाने गेल्या. पुढे ती शाळा जवळच्या कास्टर्टन गावी हलली. १८५७ साली डोरोथिया बील तिथे मुख्य शिक्षिका म्हणून गेल्या, आणि त्याच वर्षी मिसेस गॅस्केल यांनी लिहिलेलं शार्लटचं चरित्र प्रसिद्ध होऊन त्या शाळेवरून इंग्लंडभर वाद पेटला.

शाळा तोवर बरीच सुधारली होती म्हणे. पण बीलबाईंना काय दिसलं? मुलींवर चोवीस तास पहारा. नियमांचा काच. शिक्षांची भीती दाखवून पाळायला लावलेला देव. आणि बाईंच्या वाट्याला विषय किती, तर बायबल, गणित, प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास, चर्चचा इतिहास, भूगोल, इंग्रजी साहित्य, व्याकरण, निबंध, आणि शिवाय फ्रेंच, जर्मन, लॅटिन, इटालियन! एका बाईने इतकं शिकवायचं म्हणजे काय शिकवून होणार? आपल्याकडच्या दोन शिक्षकी शाळांत काम केलेल्या मैत्रिणींना हे जास्त सांगायला नको.

बीलबाई स्वतः अतिशय श्रद्धाळू होत्या. रोज प्रार्थना, रोज रात्री आपल्या चुकांची डायरीत नोंद. म्हणूनच त्यांना ते सहन झालं नसावं. त्या सरळ समितीपुढे गेल्या. काय चुकतंय ते सांगितलं, बदल करा नाही तर मी जाते, असंही सुचवलं. समितीने बदल केला नाही. डिसेंबर १८५७ मध्ये बाईंनाच काढून टाकलं. वर्षही पुरं झालं नव्हतं. विचार करा, सव्विसाव्या वर्षी नोकरीतून काढलेली, लग्न न झालेली बाई आईवडिलांच्या घरी परत येते. आजही आपल्या गावात अशी लेक परत आली तर शेजारीपाजारी काय काय बोलतील!

बाई रडत बसल्या नाहीत. इतिहासाचं एक पाठ्यपुस्तक लिहून काढलं, एका छोट्या शाळेत गणित आणि लॅटिन शिकवलं. आणि जून १८५८ मध्ये पन्नास उमेदवारांतून त्यांची निवड झाली. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्य म्हणून.

नावात कॉलेज असलं तरी ती मुलींची शाळाच. १८५४च्या फेब्रुवारीत ८२ मुलींनिशी उघडलेली. भागभांडवल काढून, भागधारकांच्या पैशावर. शिक्षण चर्च ऑफ इंग्लंडच्या शिकवणुकीप्रमाणे द्यायचं, आणि मुलींची शालीनता, नम्रता जपायची, हे संस्थापकांनी आधीच जाहीर केलेलं. चेल्टनहॅम गाव धर्माच्या बाबतीत भारी कडक. बाईंची निवड झाल्यावरही एका सभासदाला शंका आली, की या बाईंची मतं आपल्या वळणाची आहेत ना? बाईंनी आपल्याला जे वाटतं ते स्पष्ट लिहून कळवलं. नोकरी जाता जाता राहिली.

त्या रुजू झाल्या तेव्हा मुली उरल्या होत्या ६९. दोन हजार पौंडांच्या भांडवलातले उरले होते चारशे. इमारत भाड्याची, तिचा करारही संपत आलेला. शाळा बंद करावी, इथवर बोलणी झाली. मग ब्रँकर नावाचे एक गृहस्थ हिशेबनीस म्हणून आले आणि त्यांनी फीची सगळी मांडणी नव्याने करून दिली. बाई काटकसरीत मुरलेल्या. १८६३ मध्ये मुली १२६ झाल्या. शाळा तगली.

पण मला ज्याने खरं थांबवलं ती गोष्ट पुढेच आहे. बाईंचा जीव गणितात. भूमिती म्हणजे त्यांच्या लाडाचा विषय. आणि या बाईंनी चेल्टनहॅमला गेल्या गेल्या भूमिती शिकवलीच नाही!

का? तर आईबाप बिथरतील म्हणून. एका पालकाने तर त्यांना समजावलं होतं, की शेक्सपिअर वगैरे ठीक आहे, पण मुलीला पियानो वाजवून चारचौघांचं मन रिझवता येणं जास्त महत्त्वाचं नाही का? युक्लिड म्हणजे मुलग्यांचा विषय. तो मुलींच्या हातात दिला असता तर दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा रिकामी झाली असती, शाळाच संपली असती. म्हणून बाईंनी आणला प्राकृतिक भूगोल. वारे, पाऊस, समुद्राचे प्रवाह, डोंगर कसे होतात, दिवस-रात्र का होते. हा विषय मुलग्यांच्या शाळांतही फारसा शिकवत नसत, म्हणून मुलींना मुलग्यांसारखं करता, असं म्हणायला जागाच राहिली नाही. भूगोल म्हटल्यावर आईबापांनाही बरं वाटलं. आणि त्या नावाखाली बाईंनी वर्गात विज्ञान आणलं. गणित हळूहळू मागाहून आलं, मुली टिकल्यावर, पालकांचा विश्वास बसल्यावर.

हे वाचून मी जरा रागावलेच. म्हटलं, अगं बाई, कास्टर्टनला तर समितीच्या तोंडावर बोलून आलीस, मग इथे का गप्प बसलीस? पण विचार करता करता वाटलं, कास्टर्टनला बोलून काय झालं? बाई बाहेर आणि मुली तिथेच. यातून त्या काहीतरी शिकल्या असणार.

सगळ्याच बाबतींत त्या गप्प बसल्या असं नाही. पूर्वी शाळा सकाळ-दुपार अशी दोन वेळा भरायची. बाईंनी १८६४च्या सुमारास ती एकाच वेळेला केली, सकाळी नऊनंतर ते दुपारी एकपर्यंत. दुपारभर मुली घरात लुडबुडणार, म्हणून आयांनी केवढा गहजब केला! बाई मागे हटल्या नाहीत, आणि महिन्यांत सगळ्यांना तेच बरं वाटू लागलं. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने, सगळी शाळा एकत्र. बायबलचे पाठ मोठ्या वर्गांना बाई स्वतः द्यायच्या. आणि एक नियम फार कडक, परवानगीशिवाय मुलींनी एकमेकींशी बोलायचं नाही. शेकडो मुली जिन्यावरून वर्ग बदलतायत आणि आवाज फक्त पावलांचा. मला हे वाचून धडकीच भरली. कास्टर्टनच्या नियमांना कंटाळलेल्या बाईंनी हा नियम का ठेवावा, ते मला आजही पटलेलं नाही.

स्पर्धा मात्र त्यांना आवडत नसे. एकीला बक्षीस म्हणजे बाकीच्यांना हिरमोड, असं त्यांचं मत. मैदानी खेळ शाळेत आले तेही उशिरा. हॉकीचा सामना पाहायला बाईंना नेलं, तर इतक्या मुली एकाच चेंडूमागे धावतायत हे पाहून, त्यांना आणखी चेंडू आणून द्या, असं त्यांनी फर्मावलं, अशी एक गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण बाई डोळ्यांसमोर उभ्या राहतात की नाही?

सरकारने शाळांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा साक्ष द्यायला बोलावलेल्या बायकांत बीलबाई होत्या आणि त्यांच्या मैत्रीण मिस बस. मिस बस यांची लंडनमधली शाळा मध्यम, साध्या घरांतल्या मुलींसाठी होती. बीलबाईंनी आयोगापुढे सांगितलं, की पंधरा वर्षांपुढच्या मुली प्रवेशाला येतात आणि त्यांतल्या कित्येकींना साधे अपूर्णांक येत नाहीत. मुलींना डोकं नाही म्हणून नव्हे, कुणी शिकवलंच नाही म्हणून. आयोगाच्या अहवालातला मुलींच्या शिक्षणाचा भाग पुढे बाईंनीच प्रस्तावना लिहून वेगळा छापून काढला. दोघी मैत्रिणी बिनलग्नाच्या, म्हणून त्यांच्यावर टिंगलीचं एक कवनही निघालं आणि इंग्लंडभर गाजलं. दोघी आपल्या कामाला लागल्या होत्या.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. चेल्टनहॅमची शाळा होती खानदानी घरच्या मुलींसाठी. दुकानदाराच्या मुलीला तिथे प्रवेश नव्हता. म्हणजे माझ्यासारखीला दारातूनच परत यावं लागलं असतं. आमचं किराणा मालाचं दुकान आहे ना! बाईंनी ती भिंत पाडली नाही. त्याच वेळी पुण्यात त्यांच्याच वयाची एक बाई अंगावर शेणमाती झेलत, ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्या घरांतल्या मुलींना शिकवत होती. दोघींना एका तराजूत घालू नये. पण हा फरक मनात ठेवूनच मी पुढचं वाचलं.

आणि पुढे भेटल्या रमाबाई. ज्या १८५८ साली बीलबाई चेल्टनहॅमला आल्या, त्याच वर्षी रमाबाईंचा जन्म. १८८३ मध्ये, पंचवीस वर्षांची ही विधवा दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात उतरली. या जोगिणींचं पुण्यातही काम होतं, ओळख तिथलीच. बरोबर आलेल्या मैत्रिणीने तिथे जीव दिला. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने तेही जमणार नव्हतं. सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आणि १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमला बीलबाईंकडे आल्या.

तिथे त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः इंग्रजी साहित्य, गणित, विज्ञान शिकत. शिक्षिका आणि विद्यार्थिनी दोन्ही एकाच वेळी. मनोरमा वाँटेजला सिस्टर जेरल्डीनपाशी. त्यांना रमाबाई प्रेमाने आजीबाई म्हणत. पण या आजीबाईंचं आणि रमाबाईंचं वारंवार वाजे. रमाबाई पडल्या शास्त्र्याची लेक. प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना काही गळी उतरायचं नाही. एकच देव, तर त्याची तीन रूपं कशी? अमुक गोष्ट तुमच्या पंथाने सांगितली म्हणून मी का मानू? जेरल्डीनना हा अहंकार वाटे. नवशिक्या भक्ताने ऐकावं, वाद घालू नये.

बीलबाईंनी मात्र पत्रामागून पत्रं लिहून उत्तरं दिली. रागावल्या नाहीत, गप्प बस म्हणाल्या नाहीत. जेरल्डीननाही त्यांनी समजावलं, की हिला हिच्या मनाने विचार करू द्या, दडपलंत तर हाती काही लागणार नाही. याचं कारण आहे. दोन वर्षांपूर्वीच, १८८२ मध्ये, बीलबाई स्वतः श्रद्धेच्या बाबतीत एका काळोखातून गेल्या होत्या. आपण ज्यावर उभं आयुष्य उभं केलं तेच खरं नसेल तर, या शंकेने त्यांना पोखरलं होतं. शाळा चालू, प्रार्थना चालू, आणि आत हे. ज्याने स्वतः ठेच खाल्ली आहे तोच दुसऱ्याला हात देताना घाई करत नाही.

मग हिंदुस्थानात जाणाऱ्या पुरुषांना रमाबाईंनी इकडच्या भाषा शिकवाव्यात, असा विषय निघाला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर तिकडे तिची बदनामी होईल, म्हणे. रमाबाई संतापल्या. सभासभांतून पुरुषांपुढे पुराणं सांगितलेली ही बाई! आपला विचार करण्याचा हक्क आपण कुणाकडे गहाण ठेवलेला नाही, हे त्यांनी बीलबाईंनाही स्पष्ट कळवलं. बेत बारगळला. पण दोघींमधला धागा तुटला नाही. १८८६च्या सुरुवातीला रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला निघून गेल्या. आणि १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं, विधवांसाठी, मुलींसाठी. चेल्टनहॅमला पाहिलेलं आणि शिकलेलं त्यांच्या किती कामी आलं असेल याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही.

बीलबाईंचं पुढचं सांगते. शाळा १८७३ मध्ये स्वतःच्या इमारतीत गेली होती. आता त्यांनी त्या लहानपणच्या दुष्टचक्रावरच हात घातला. शिकवणाऱ्या बायकांनाच शिकवायचं. १८८५ मध्ये चेल्टनहॅमला सेंट हिल्डाज नावाने शिक्षिकांचं प्रशिक्षण कॉलेज निघालं. मग ऑक्सफर्डमध्ये पाच हजार पौंडांना एक घर घेतलं आणि १८९३ मध्ये तिथे मुलींसाठी सेंट हिल्डाज हॉल उघडला. तो आज ऑक्सफर्ड विद्यापीठाचं एक कॉलेज आहे. साठी उलटल्यावर बाई तीनचाकी सायकल चालवायला शिकल्या. १९०२ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. कान हळूहळू जात होते. १९०० मध्येच कर्करोगाची चाहूल लागली होती, तरी शेवटच्या ऑक्टोबरपर्यंत काम सुरू होतं. ९ नोव्हेंबर १९०६ रोजी, शस्त्रक्रियेनंतर, त्या गेल्या. ६९ मुलींची शाळा तोवर हजाराच्या घरात पोचली होती. अट्ठेचाळीस वर्षं एकच शाळा, एकच मोठ्या बाई.

हे सगळं वाचून झालं आणि माझ्या डोक्यात एक जुनी गोष्ट घोळू लागली. आमच्या गृहशास्त्राच्या वहीत लाडवांचं प्रमाण होतं, बाळाची टोपी होती, ते मला पाठ आहे. पण आणखीही काही होतं. घरखर्चाचं अंदाजपत्रक. त्यात मोठ्या बाई स्वतः तास घ्यायच्या. शेकडेवारी काढायला लावायच्या, सावकाराचं व्याज आणि पोस्टातलं व्याज यांची तुलना करायला लावायच्या. चक्रवाढ व्याज मी तिथे शिकले, रव्याच्या लाडवाच्या पुढच्या पानावर. त्याच जोरावर गेली चाळीस वर्षं दुकानाची खतावणी माझ्या हातात आहे, आणि सासऱ्यांनी फसवं कर्ज काढण्याआधी त्यांना थांबवलं ते मीच.

आणि एक आठवतं. आमच्या आधीच्या बॅचला सातवीनंतर मुली बसवूनच घेत. मोठ्या बाई उन्हातान्हातून घरोघर जायच्या. मुलीला संसाराचं शिकवू, असं सांगून आईबापांची समजूत घालायच्या. आमच्या घरीही आल्या होत्या. भूमितीचं नाव काढलं असतं, तर माझ्या आजीने त्यांना ओट्यावर तरी बसवलं असतं का, कोण जाणे.

म्हणजे आमच्या बाईंनीही भूगोलाच्या नावाखाली काही आणलं होतं का? मुद्दाम की सहज? विचारायला त्या आज नाहीत. त्या माझं गणित सोडवू शकल्या असत्या, निदान वडिलांना एकदा माझे गुण तरी सांगू शकल्या असत्या, हे मला अजूनही वाटतं. राग पुरता गेला, असं खोटं कशाला लिहू? पण शाळेत टिकवलं त्यांनी, हेही तितकंच खरं. बीलबाईंच्या मुलींना भूमिती उशिरा का होईना मिळाली. मला मिळाली नाही. एवढाच फरक.

एवढाच म्हणून तो सोडून द्यायचा नाही, असं आता ठरवलंय. काल दुपारी नातीला म्हटलं, ते प्रमेय मला पहिल्यापासून समजावून सांग. ती आधी हसली. मग माझ्या शेजारी बसली आणि पट्टीने रेघ मारून म्हणाली, आजी, हा बघ पाया. दोन दिवसांत काटकोन त्रिकोणापर्यंत आलोय. माझ्या चुका ती लाल पेनने करते हं दुरुस्त, अजिबात सूट देत नाही. अगदी मोठ्या बाई शोभते!

मैत्रिणींनो, तुमच्याही वहीत असं एखादं पान कोरं राहिलं असेलच. घरातल्या नातीला, भाचीला, सुनेला विचारून तर बघा. शिकवायला बाई मिळेल.